परमुलखातले घर : आठवणीचे आणि हप्त्याचे

परदेशात स्थायिक झालेल्या माणसाविषयीचे साहित्य हाती आले की समीक्षक लगेच आठवणींकडे वळतात. सुटलेले गाव, आईच्या हातची चव, विसरत चाललेली भाषा, मुलांची दोन संस्कृतींमधली ओढाताण, हे त्या चर्चेचे ठरलेले टप्पे आहेत. ते खोटे नाहीत. पण या साहित्यातला सर्वांत अवघड प्रसंग आम्हाला वेगळाच वाटतो. कुटुंब घेऊन गेलेला माणूस तिथे घर विकत घ्यायचे ठरवतो, तेव्हा त्याला एका कागदावर सही करावी लागते. तो कागद बहुधा कर्जाचा असतो आणि ते कर्ज व्याजाचे असते. पंचवीस-तीस वर्षे फेडायच्या त्या एका सहीतून माणसाची हिंमत, त्याची श्रद्धा आणि त्याने कोणता देश आपला मानला आहे, हे सगळे उघड होते. म्हणून घराच्या कादंबऱ्या वाचताना कर्जाचे पान कुठे आहे, लेखकाने ते लिहिले की टाळले, हा प्रश्न आम्ही येथे विचारणार आहोत.

मराठी मुस्लिम वाचकाला हा प्रश्न परका नाही. कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांतून माणसे बोटीवर गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून केपटाउनला गेली, पूर्व आफ्रिकेत गेली, पुढे ब्रिटनला गेली आणि १९७० नंतरच्या तेलाच्या तेजीत आखातात गेली. या सगळ्या वाटांना आपण 'परदेश' हा एकच शब्द लावतो आणि घोटाळा तिथेच होतो. आखातात गेलेल्या माणसासमोर तिथे घर घेण्याचा प्रश्न फार काळ उभाच राहिला नाही. कफीलच्या भरवशावर मुक्काम, नोकरी संपली की व्हिसा संपला. दुबईने २००२ साली परदेशी माणसाला ठरावीक वसाहतींत मालकी हक्काने घर घेण्याची वाट मोकळी केली आणि २००६ साली त्याला कायद्याचा आधार दिला. तरी त्या मालकीने कोणी तिथला नागरिक होत नाही. म्हणून आखाताचा पैसा गावी आला आणि रत्नागिरी-रायगडच्या मोहल्ल्यांत स्लॅबचे बंगले उभे राहिले. परदेशच्या कमाईचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हा बंगला, वर्षभर कुलूपबंद आणि सुट्टीपुरता उघडणारा.

ब्रिटन, कॅनडा, अमेरिका किंवा दक्षिण आफ्रिकेत मुलाबाळांसह राहिलेल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे घर तिथे आहे, मुलांची शाळा तिथे आहे आणि कबरही तिथेच होणार आहे. त्यांच्या आयुष्यात कर्जाची सही येते. ती साहित्यात कशी येते ते आता पाहू.

सुरुवात व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' या १९६१ च्या कादंबरीपासून करावी लागते. मोहन बिस्वास स्वतः परदेशी गेलेला नाही. त्याची आधीची पिढी मजूर म्हणून हिंदुस्थानातून त्रिनिदादला आणली गेली आणि हा तिथेच जन्मला. पण परमुलखात रुजू पाहणाऱ्या घराण्याला स्वतःच्या छपरासाठी किती काळ झगडावे लागते, याची ही सर्वांत तपशीलवार नोंद आहे. कादंबरी सुरू होताच लेखक आठवणी सांगत बसत नाही. तो हिशेब मांडतो. पोर्ट ऑफ स्पेनच्या सिक्कीम स्ट्रीटवरच्या घरावर तीन हजार डॉलरचे कर्ज आहे, दर साल आठ टक्के व्याजाने महिन्याला वीस डॉलर जातात, जमिनीचे भाडे वेगळे, मुद्दल चार वर्षांत जागचे हललेले नाही आणि घरमालक मरणाच्या दारात आहे. पैसा दिला आहे तो मावशीच्या श्रीमंत नवऱ्याने, म्हणजे व्याज घरच्याच माणसाला जाते. घरही काही धड नाही. जिना मागून चिकटवल्यासारखा आहे, दारे नीट लागत नाहीत. तरीही सासरच्या गोतावळ्यात आश्रितासारख्या काढलेल्या वर्षांपुढे हे फसवे, कर्जात बुडालेले घर त्याला मोलाचे वाटते. त्या घराची किंमत वाचकाला पटते, कारण लेखकाने त्याचे व्याज आधी सांगितलेले असते. हिशेब वगळला असता तर उरली असती ती केवळ एका हट्टी माणसाची गोष्ट.

झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' ही कादंबरी २००३ साली आली. अशोक आणि अशिमा गांगुली हे बंगाली जोडपे बोस्टनजवळच्या एका विद्यापीठाच्या गावात पेम्बर्टन रोडवर घर घेते. घर नवे कोरे आहे, त्यात आधी कोणीच राहिलेले नाही. आईबाप बँकेत कागदांमागून कागदांवर सह्या करतात, छोटा गोगोल बाजूला बसून राहतो, कर्ज मंजूर होते आणि वसंतात राहायला जायचे ठरते. हे सगळे मोजक्या वाक्यांत आटोपते. लाहिरी यांचे बळ त्यापुढे आहे. त्या घरात भरणाऱ्या बंगाली मेजवान्या, पतीच्या मृत्यूनंतरची शांतता, आणि शेवटी अशिमा घर विकून वर्षाचा काही काळ कोलकात्यात व काही काळ अमेरिकेत घालवायचे ठरवते तो भाग, हे सारे फार संयमाने लिहिले आहे. पण बँकेतला प्रसंग इतका सहज सरतो याचे कारण आम्हाला महत्त्वाचे वाटते. अशोक-अशिमासाठी कर्ज ही एक अडचण आहे, नैतिक पेच नाही. मध्यमवर्गीय सुशिक्षित हिंदू कुटुंबाने बँकेचे कर्ज घेणे यात विचार करण्याजोगे काही नाही असे लेखिकेने गृहीत धरले आणि त्या कुटुंबापुरते ते बरोबरही आहे. याच बाकावर गोगोलच्या जागी एखादा इम्रान बसला असता तर? बापाच्या हातातले पेन क्षणभर थांबले असते. त्या एका क्षणावर एक प्रकरण उभे राहिले असते.

त्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, मोनिका अली यांची 'ब्रिक लेन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागातले हे बांगलादेशी मुस्लिम कुटुंब आहे. नाझनीन लग्न होऊन येते, नवरा चानू वयाने बराच मोठा, बोलघेवडा, मोठमोठे बेत रचणारा आणि सतत देशी परतण्याची भाषा करणारा. ते नगरपालिकेच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. घर विकत घेण्याचा प्रश्न त्यामुळे कादंबरीत उभा राहत नाही. पण व्याजाचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मोठ्या ताकदीने. चानू मोहल्ल्यातल्या मिसेस इस्लाम नावाच्या वृद्ध बाईकडून पैसे उसने घेतो. ही बाई पंचक्रोशीत मानाची, धार्मिक बोलणारी, सतत आजारपणाचे गाऱ्हाणे सांगणारी, आणि प्रत्यक्षात सावकारी करणारी. घेतलेल्यापेक्षा जास्त पैसे देऊनही कर्ज संपत नाही. अखेर नाझनीन तिच्यासमोर उभी राहते आणि सांगते की हे व्याज नाही अशी कुराणावर हात ठेवून शपथ घे. बाईला ती शपथ घेता येत नाही. शिवणकामाच्या मजुरीवर घर सांभाळणाऱ्या, फारसे न शिकलेल्या बाईने धर्माच्याच आधाराने धर्माच्या नावाखाली चाललेली लूट उघडी पाडावी, हा प्रसंग मुस्लिम वाचकाला हलवून सोडतो. शेवटी चानू ढाक्याला जातो. नाझनीन दोन्ही मुलींना घेऊन लंडनमध्येच राहते. खऱ्या अर्थाने स्थायिक होते ती तीच.

या कादंबरीला दाद देतानाच तिची मर्यादाही सांगायला हवी. लेखिकेने व्याजाचे पाप एका ढोंगी बाईच्या पदरात टाकले आहे. ती हरली की प्रश्न मिटतो आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. पण खासगी सावकाराला हुसकावून लावणे सोपे असते. सभ्य भाषेत बोलणाऱ्या, पावती देणाऱ्या, कायद्याने चालणाऱ्या बँकेचे काय? ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेच्या भाडेकरूंना आपले राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. म्हणजे नाझनीन राहते तसा फ्लॅट स्वतःचा करून घेण्याची संधी प्रत्यक्षातल्या कितीतरी कुटुंबांसमोर आली. सवलत मोठी, पण उरलेल्या रकमेला कर्ज लागणार आणि कर्ज म्हणजे व्याज. घेतले तर आखिरतची चिंता, न घेतले तर मुलांच्या नावावर काहीच नाही. मिसेस इस्लामला शपथ घालणाऱ्या नाझनीनने बँकेच्या अधिकाऱ्यासमोर काय केले असते? कादंबरी या दारापर्यंत येते आणि आत जात नाही.

हे दार किती खरे होते ते त्या काळातल्या घडामोडींवरून कळते. युरोपातील फतवा व संशोधन परिषदेने १९९९ साली बहुमताने असे मत दिले की, पाश्चात्त्य देशांत राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबाला राहण्यापुरते घर घ्यायचे असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर गरजेच्या तत्त्वावर बँकेचे कर्ज चालेल. अनेक उलेमांनी हे मत मानले नाही. दुसरीकडे बिनव्याजी मार्ग शोधला जात होता. एका पद्धतीत बँक घर स्वतः विकत घेते आणि नफा धरून हप्त्यांवर ग्राहकाला विकते. दुसरीत बँक आणि ग्राहक भागीदार म्हणून घर घेतात, ग्राहक बँकेच्या हिश्शाचे भाडे देतो आणि तो हिस्सा थोडा थोडा विकत घेत जातो. पण घर दोनदा विकले जाते म्हणून मुद्रांक शुल्कही दोनदा भरावे लागे. ब्रिटनच्या २००३ च्या वित्त कायद्याने हा दुहेरी बोजा काढला. २००४ साली इस्लामिक बँक ऑफ ब्रिटन सुरू झाली, तिचेच नाव २०१४ मध्ये अल रयान बँक झाले. त्यावरही आक्षेप आले. भाडे बाजारातल्या व्याजदराच्या चालीनेच ठरत असेल तर फक्त नाव बदलले आणि हिशेब तोच राहिला, असे म्हणणारे कमी नाहीत.

यात बरोबर कोण, हे ठरवणे साहित्याचे काम नाही, आमचेही नाही. पण एकाच मशिदीत एकाच सफमध्ये उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने कर्ज काढून घर घेतले आहे आणि दुसरा तत्त्वासाठी तीस वर्षे भाडे भरतो आहे, अशी परिस्थिती कल्पून पाहा. पहिल्याच्या मुलांना बाग असलेले घर मिळाले, दुसऱ्याच्या मुलांची दर दोन वर्षांनी शाळा बदलली. दुसऱ्याची बायको त्याच्या इमानाचा अभिमान बाळगते की रात्री त्याच्याशी भांडते? पहिला जकात काढताना घराच्या हप्त्याकडे कसा पाहतो? हे कथेचे प्रश्न आहेत. फतवा एका ओळीत उत्तर देतो, कथेला त्या उत्तरासोबत जगणाऱ्या माणसांकडे पाहावे लागते.

घर, गहाण आणि परमुलूख या तिन्हींना एका धाग्यात ओवणारी कादंबरी म्हणून आम्ही अब्दुलरझाक गुर्ना यांच्या 'बाय द सी'चा निर्देश करू. ती २००१ साली प्रसिद्ध झाली. लेखकाला २०२१ चे नोबेल मिळाले तेव्हा आपल्याकडे त्यांचे नाव जरा ऐकू आले. झांझिबारचा फर्निचरचा व्यापारी सालेह ओमर म्हातारपणी आश्रय मागत इंग्लंडच्या विमानतळावर उतरतो. बरोबर आहे उदाची एक पेटी, ती तिथला अधिकारी काढून घेतो. पारपत्रावरचे नावही त्याचे स्वतःचे नाही, ते रजब शाबान महमूद या माणसाचे आहे. या नावामागे एका घराची कथा आहे. रजब शाबानने एका परदेशी व्यापाऱ्याकडून घर तारण ठेवून पैसे घेतले होते. त्या व्यापाऱ्याने तोच कागद सालेहकडे तारण ठेवून पैसे उचलले आणि तो परत आलाच नाही. सालेहने कागदाच्या जोरावर घर ताब्यात घेतले. कायद्याने ते त्याचे झाले. पण एक कुटुंब रस्त्यावर आले, सूड जन्मला, सत्ता बदलल्यावर सालेहनेही सगळे गमावले आणि तुरुंगात वर्षे काढली.

इंग्लंडमध्ये त्याच रजब शाबानचा मुलगा, लतीफ, त्याला भेटायला येतो. एकाच घराची कथा दोन तोंडांनी सांगितली जाते, आणि घर घेणाऱ्याचे सत्य व घर गमावणाऱ्याचे सत्य समोरासमोर बसते. कधीकाळी दुसऱ्याचे घर कागदावर मिळवलेला माणूस आता समुद्रकाठच्या गावात, दुसऱ्यांनी सोय करून दिलेल्या जागेत राहतो. या कादंबरीत आठवण भरपूर आहे, पण ती हळवी नाही. तिला गहाणखताचा आधार आहे. कोणाचे काय देणे लागतो हे ठाऊक असलेल्या माणसाची ती आठवण आहे. म्हणूनच ती आम्हाला या विषयावरची सर्वांत प्रामाणिक कृती वाटते.

आता कागदाची दुसरी बाजू. कर्ज फिटले, खरेदीखत पेटीत ठेवले, तरी घर आपले राहते का? याचे उत्तर कोकणी मुस्लिमांच्या इतिहासातच आहे. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स भागात मलायी, कृष्णवर्णीय, ज्यू आणि हिंदी लोकांबरोबर कोकणातून गेलेली मुस्लिम कुटुंबेही राहत होती. दक्षिण आफ्रिकेच्या १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याखाली ११ फेब्रुवारी १९६६ रोजी हा भाग केवळ गोऱ्यांसाठी जाहीर झाला. पुढच्या काळात साठ हजारांहून अधिक माणसे हलवली गेली आणि घरे बुलडोझरने पाडली. हिंदी म्हणून नोंदलेल्यांसाठी रायलँड्ससारखी वस्ती नेमून दिली होती. रिचर्ड राइव्ह यांनी 'बकिंगहॅम पॅलेस, डिस्ट्रिक्ट सिक्स' या १९८६ च्या कादंबरीत अशाच एका चाळीची कथा सांगितली आहे. १९९४ साली तिथे संग्रहालय उघडले. त्याच्या जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा आहे आणि हुसकावलेल्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी नावे लिहिली आहेत. ज्या भिंती उरल्या नाहीत त्यांचा हा सातबारा आहे. त्या नकाशावरच्या माणसांचे पूर्वज ज्या मुलखातून निघाले तिथल्या भाषेत, आपल्या मराठीत, या घरांवर एक ठसठशीत कादंबरी असायला हवी होती.

यावर एक आक्षेप येईल. साहित्य म्हणजे वाण्याची चोपडी नव्हे, हप्ते आणि मुद्रांक शुल्क मोजत बसलो तर माणूस हरवेल. आम्हाला उलट वाटते. पैशाचा तपशील गाळला की माणूस धूसर होतो. मराठी ग्रामीण आणि दलित साहित्याने आपल्याला हेच शिकवले. सावकाराचे कर्ज, गहाण पडलेली जमीन, रोजंदारीचा आकडा लिहिला गेला तेव्हाच शेतकरी आणि मजूर खरे झाले. परदेशी गेलेल्या मुस्लिम माणसाच्या वाट्याला मात्र अजून अत्तराचा वास आणि विमानतळावरचे अश्रू एवढेच येते.

आणि घर एकट्या पुरुषाचे नसते. इंग्लंडमध्ये पती-पत्नी दोघांच्या नावावर घर घेताना वकील विचारतो, मालकी संयुक्त ठेवायची की हिस्से वेगळे? संयुक्त ठेवली तर एकाच्या मृत्यूनंतर सगळे घर मागे राहिलेल्याचे होते. कुराणाने सांगितलेले वारसांचे हिस्से तिथे लागू होत नाहीत. ते पाळायचे असतील तर हिस्से वेगळे करून मृत्युपत्र लिहावे लागते. आता ही निवड कोण करतो? विधवा होऊन परमुलखात एकटी पडण्याची भीती असलेल्या बाईला पूर्ण घर हवे असेल, गावच्या भावांना शरीयतचा हिस्सा आठवेल, तिथेच जन्मलेल्या मुलीला दोन्ही कायदे ठाऊक असतील. नाझनीन लंडनमध्ये राहते तिथे कादंबरी संपते. आपल्या लेखिकांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

हिजरत हा शब्द आपण फार भावनेने उच्चारतो. सीरतच्या ग्रंथांत एक साधी गोष्ट येते. पैगंबर (स.) मदिनेत पोहोचले तेव्हा मशिदीसाठी पसंत पडलेली जागा दोन अनाथ मुलांची होती. ती फुकट देऊ केली असताना त्यांनी किंमत देऊनच घेतली. नव्या गावातल्या त्या पहिल्या कामांपैकी एक काम म्हणजे रास्त व्यवहार. परमुलखात घर करण्याची आपली परंपरा अशी हिशेबाने चोख आहे. आपल्या लेखकांनी तिला लाजू नये.

केपटाउन, बर्मिंगहॅम, लेस्टर, टोरांटो येथे आपल्या माणसांची घरे आहेत. कोणी व्याजावर घेतली, कोणी व्याज टाळून घेतली, कोणी घेतलीच नाहीत. या तिघांचीही बाजू लिहिली जायला हवी, निवाडा न देता आणि आकडा न लपवता. नायपॉलने आठ टक्के व्याज लिहिले म्हणून बिस्वासचे मोडके घर आजही उभे आहे. कुलूपबंद बंगल्यांवर आपण पुरेसे लिहिले. आता ज्या घरात दिवा रोज लागतो आणि दर महिन्याला हप्ता जातो, त्या घराचे दार मराठीत उघडले पाहिजे.